चौघींचं एक कार्ड

वळ गावच्या गोदामात कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड गेटवरच्या स्क्रीनवर दिसतं: फोटो, नाव, शिफ्ट. कार्ड दिसलं तरच आत. आठला गेट बंद. ती वेबसाइट मी सांभाळते.

आधीच्या माणसाने प्रत्येक गेटचं पान वेगळं लिहिलं होतं. तोच मजकूर, तीच जावास्क्रिप्ट, पानापानावर चिकटवलेली. एका गेटला एक नियम, दुसऱ्याला दुसरा. मला ते सहन होईना. माझे वडील यंत्रमाग कामगारांची पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच, आणि नियम सगळ्यांना एकच हवा हेही. म्हणून मी कार्डाचं एकच कंपोनंट, म्हणजे कोडचा एकच तुकडा, केलं. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट एका फाइलमध्ये, सगळ्या गेटांना तेच. रविवारी चढवलं.

सोमवारी पावणेआठला सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, नीचे आओ. लफडा झालाय."

गेटवर डोंगराकडच्या पाड्यातल्या चार बायका उभ्या होत्या. स्क्रीनवर एकीचंच कार्ड.

"बाकी तिघी स्क्रीनवर नाहीत, म्हणजे नाहीत," सुपरवायझर म्हणाला. "तुम्हीच बोललात ना, नियम सगळ्यांना एकच?"

"शनवारी दिसत व्हतो," त्यांतली थोरली म्हणाली. "दोन दिसांत मेलो काय आमी?"

मी वॉचमनच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. चौघींना मोबाइल नंबर विचारले. चौघींनी एकच सांगितला.

"घरात फोन एकच हाय, बाय. हात आठ हायत. काम फोन करनार काय?"

कार्ड ओळखायला मी मोबाइल नंबर धरला होता. एका नंबराला एकच कार्ड. नंतरचं आधीच्याला पुसत होतं. माझ्या घरात ज्याचा त्याचा फोन, म्हणून मला शंकाही आली नव्हती. मालकांविरुद्ध लिहिलेलं वाचत मी वाढले, आणि या बायकांना अडवलं होतं माझ्या कोडने.

"तीन खोटे नंबर टाका ना, ह्या गेटपुरते," सुपरवायझर म्हणाला. आठला सात मिनिटं होती.

"नाही. चूक कंपोनंटमध्ये आहे, बायकांत नाही."

प्रत्येकीला कामगार क्रमांक होता. मोबाइल नंबराच्या जागी तो घातला. घाईत एक कंस राहिला आणि स्क्रीन कोरी झाली. मागच्या रांगेतून ओरडा सुरू झाला, "अरे, चलो ना!" कंस घातला. चार कार्डं दिसली.

"आता मोजलंस बरोबर," थोरली म्हणाली आणि आत गेली.

 पण तेच कंपोनंट सगळीकडे होतं, म्हणजे सकाळपासून तीच चूकही. मी कोन गावातल्या आमच्या दुसऱ्या गोदामाच्या गेटला फोन लावला.

"पाच जणी परत पाठवल्या, मॅडम," तिथला वॉचमन म्हणाला. "आत्ताच. चालत गेल्या."

"त्या आल्या की गेट उघडायचं. आठ वाजले तरी."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. चूक माझी आहे, माझं नाव सांगा."

त्या पाच जणींना गाठून परत आणायला मी स्कूटी काढली आणि कोनच्या रस्त्याला लागले.