गुणमालाकाकींची टाकी

आमच्या गल्लीत गुणमालाकाकींच्या स्वयंपाकापेक्षा त्यांच्या संडासाचं कौतुक जास्त. भांडं इतकं पांढरंशुभ्र, की पाहुणा दारातच क्षणभर थबकायचा. दर रविवारी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन करून आल्या की काकी पदर खोचायच्या, नाकाला रुमाल बांधायच्या आणि ॲसिडची अख्खी बाटली त्यात रिकामी करायच्या. खोकत बाहेर यायच्या, पण चेहऱ्यावर समाधान.

काकी जैन धर्म पाळणाऱ्या, तोही कडक. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडून यायचे. कांदा-बटाटा घरात नाही. सूर्य बुडाल्यावर घास नाही. साखरेच्या डब्यात मुंगी निघाली तर तिला कागदावर घेऊन अंगणापलीकडे पोचवणार. महावीरकाका म्हणायचे, "जयसिंगपूरच्या एसटीत बसवून दे की तिला."

जयसिंगपूरला त्यांच्या विहीणबाई राहायच्या, म्हणून हा टोमणा. काकींच्या मुलाच्या, भरतेशच्या लग्नात या बाईंनी भर पंगतीत म्हटलं होतं, "पुरण जरा कच्चं राहिलंय, नाही?" तीन वर्षं झाली, काकी ते विसरलेल्या नाहीत. आता सून प्रीतीचं डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलं होतं, विहीणबाई माणसं घेऊन येणार होत्या, आणि नेमका परसातून वास यायला लागला.

काकींनी लगेच उपाय केला. एक बाटली जास्त ओतली. दुसऱ्या दिवशी संडासातलं पाणीच उतरेना.

भरतेश कुपवाडला वर्कशॉपमध्ये कामाला. तिथून त्यानं मैला ओढणाऱ्या टँकरवाल्याचा नंबर आणला. मानसिंग त्याचं नाव, माण तालुक्याकडचा. त्यानं परसातल्या सेप्टिक टाकीचं झाकण उघडलं, जरा वेळ वारं जाऊ दिलं, मग लांबूनच बॅटरी मारून बघितलं.

"आवं काकी, आठ वर्साची टाकी म्हनता आनि काय कुजलंच न्हाई की! पडलंय तसं पडलंय. काय घालता हिच्यात?"

काकींनी अभिमानानं फळीवरच्या चार बाटल्या दाखवल्या.

मानसिंगनं कपाळावर हात मारला. "मग बराबर हाय. आतली घान काय टाकी खाती व्हय? बारीक जीव असत्यात, ते खात्यात. तुमी समद्यास्नी मारून टाकलंय."

"जीव?"

"मग! कोट्यानं असत्यात. डोळ्याला दिसत न्हाईत येवढंच."

काकी मटकन पायरीवर बसल्या. काका पेपर टाकून बाहेर आले. चाळीस वर्षांच्या संसारात अशी संधी त्यांना मिळाली नव्हती.

"म्हणजे वरनं मुंगीला वाट दाखवायची, आणि खालनं..."

"तुम्ही गप्प बसा." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पाइप आत गेला, इंजिन सुरू झालं. तेवढ्यात काकी ओरडत उठल्या, "अवो थांबा! सगळं ओढू नका. त्यातले कोण वाचले असतील तर?"

मानसिंग हसला. "थोडं तळाला ठिवतोच मी. त्यातनंच नवं वाढत्यात. फकस्त ते ॲसिड बंद करा."

संध्याकाळी काकींनी बस्तीत जाऊन नियम घेतला, जन्मात ॲसिड नाही. वास गेला, पाणी उतरायला लागलं. प्रश्न उरला चार बाटल्यांचा. गटारात ओतावं तर गटारात जीव, मातीत ओतावं तर मातीत. बाटल्या माळ्यावर गेल्या.

पण संडासाला वापरायचं बोअरचं पाणी खारं. नुसत्या ब्रशनं किती घासणार? दोन आठवड्यांत भांड्यावर पिवळी कड दिसू लागली. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी काकी स्टुलावर चढल्या आणि एक बाटली काढून संडासाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फक्त एक बाटली. विहीणबाईंच्या तोंडाला कुलूप बसलं असतं. काका ओसरीवरून पेपराआडून बघत होते. बऱ्याच वेळानं काकी वळल्या आणि बाटली परत माळ्यावर ठेवून आल्या.

रविवारी ओटी भरून झाली, बायका जेवायला बसणार, तोच विहीणबाई संडासाला जाऊन आल्या. हात पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजारी-बिजारी होता काय हो विहीणबाई? भांडं पिवळं पडलंय. आमच्यात बघा, दर शनिवारी ॲसिड."

प्रीतीनं मान खाली घातली.

"दर शनिवारी?" काकींनी शांतपणे विचारलं. "अख्खी बाटली?"

"अख्खी."

"बसा इथं."

आणि काकींनी सगळं सांगितलं. मानसिंगनं दोन वाक्यांत सांगितलेलं त्यांनी पुरणपोळ्या गार होईपर्यंत सांगितलं. कोटीच्या आकड्याला वर्षातल्या शनिवारांनी गुणलं. विहीणबाई तर रात्री पाणीसुद्धा न घेणाऱ्या. त्यांचा हातातला घास हातातच राहिला.

"अगं बाई! मग आता काय करायचं हो?"

"नियम घ्या. मानसिंगचा नंबर देते, तो सगळं नीट सांगतो." काकींनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. "आता जेवा निवांत. पुरण शिजलंय ना?"

विहीणबाईंनी एकदा पिवळ्या भांड्याच्या दिशेनं पाहिलं, एकदा काकींकडे.

"शिजलंय हो," त्या म्हणाल्या. "छान शिजलंय."