नवरीचा खडक

तांडेलबाबांना पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट ते अभिमानानं सांगत. ऐकणारा हसला की म्हणत, "पोहणारा माणूस होडी लवकर सोडतो. ज्याला पोहता नाय येत, तो होडी वाचवतो." आयुष्यभर महाड ते मुंबई माल नेणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य इतकं शोभायचं की पुढे कुणी वाद घालत नसे.

आजोबांच्या काळी आमचा एक मचवा होता, शिडाची मालवाहू होडी. भरतीबरोबर सावित्रीतून महाडपर्यंत यायचा, ओहोटीबरोबर तांदूळ घेऊन खाडीकडे निघायचा, येताना मीठ आणि कौलं आणायचा. तांडेलबाबा त्याचे तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारे आणि खलाशांचे मुख्य. मग मालमोटारी आल्या, नदी गाळानं भरत गेली, आणि मचवा आमच्या वखारीमागे काठावर ओढून ठेवला तो कायमचा. खलाशी गावोगाव पांगले. तांडेलबाबा वखारीची राखण करायला राहिले. तरी दर वर्षी पावसाआधी ते मचव्याच्या फटींत कापूस आणि राळ भरत. बाबा म्हणायचे, "तांडेल, आता कुठे जायचंय त्याला?" तर उत्तर ठरलेलं, "मालक, जायचं नाय म्हणून काय बुडायचं?"

मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत होते. सुट्टीत मला आणायला तेच घाट चढून येत, आणि उतरताना पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर डोकं काढून बसत. "दर्यात कधी वांती नाय केली गो बाय, आणि ह्या लाल डब्यानं माझी अब्रू घेतली!" त्या वळणांवर मी जितकी हसायची तितकी शाळेच्या पूर्ण सत्रात हसत नसे. शाळेतल्या मुंबईच्या मुली माझ्या इंग्रजीला हसत, महाडातल्या मुली माझ्या मराठीला. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं मला सोयीचं झालं होतं.

बोलायची ती फक्त मचव्यावर. पाणी चढायला लागलं की ते फाटकातून हाक मारत, "भरती लागली गो!" तिथीवरून त्यांना भरतीची वेळ कळे, नदीकडे पाहावं लागत नसे. मी धावत जायची. चपला काठावर काढायच्या, मग फळीवर पाय. आणि एक नियम होता, तो त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितला. "होडीवरचं बोलणं होडीवर. किनाऱ्यावर नेलं की वारा फिरतो." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेतल्या मुली काय म्हणतात, मला कशाची भीती वाटते, सगळं त्या फळ्यांवर सांगितलं. त्यातलं काही किनाऱ्यावर गेलं नाही.

बदल्यात ते गोष्टी सांगत. जुन्या लढायांत आपली हलकी गलबतं भरतीच्या पोटात शिरून खाडीत कशी पळत आणि मागे लागलेली जड जहाजं चिखलात कशी रुतून बसत. अमावास्येला माडाच्या ओंडक्यांवर कंदील बांधून ओहोटीत सोडले, आणि शत्रूनं आपला सगळा दारूगोळा त्या ओंडक्यांवर कसा उडवला. "सकाळी बघतात तर काय, ओंडके तरंगतायत आणि ह्यांच्या तोफा थंड!" हे सांगताना ते स्वतःच्या मांडीवर थाप मारत.

एक गोष्ट मात्र ते हसून सांगत नसत. खाडीच्या मुखाशी ओहोटीला एक काळा खडक उघडा पडतो, त्याची. एका मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती अंगावरच्या हळदीसकट तांडेलाकडे आली आणि म्हणाली, मला पलीकडे सोड, बाबांना सांगू नकोस. तांडेलानं सोडलं. होडी खडकावर फुटली, नवरी बुडाली, तांडेल वाचला. पुढे त्याला कुणी होडी दिली नाही. मी दर वेळी विचारायची, "पण तिला जायचं कुठे होतं?" ते दर वेळी चिडत. "ते कोण विचारतो गो? सुकाणू कोणाच्या हातात होतं, ते विचार!"

त्या गोष्टींनीच मला वेड लावलं. पुण्याला बी.ए. करताना ठरवलं, जुनी बंदरं, गाळात पुरलेली गलबतं, हे शिकायचं. बडोद्याला पुराणवस्तुशास्त्रासाठी मला प्रवेश मिळाला. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. बाबा हो म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून आधी जायचं, मग सांगायचं, असं मी ठरवलं. हे मी एका माणसाला सांगितलं. कुठे सांगितलं, ते वेगळं लिहायला नको.

ते फटीत कापूस भरत होते. हात थांबला नाही. एवढंच विचारलं, "मालकाला ठावं हाय?"

"नाही. पोचल्यावर कळवेन."

ते पुढच्या फटीकडे वळले. मला वाटलं, नियम आहे, बाहेर बोलणार कसे?

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "बडोद्याला काय आहे?" आवाज चढला नव्हता. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी माझी ट्रंक आईच्या खोलीत गेली. मी रुसून, रडून, उपाशी राहून पाहिलं. तेवढ्यात प्रवेशाची मुदत टळली.

ट्रंक गेली त्याच संध्याकाळी मी मचव्याकडे गेले होते. पहिल्यांदाच चपला न काढता फळीवर चढले.

"होडीवरचं होडीवर, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"ते खलाशाचं, बाय. तांडेलाला ती मुभा नाय. तांडेलाचा जबाब मालकाला."

"आणि मी कोण होते?"

"तू मालकाची लेक. तुला काय झालं असतं, तर मी कुठल्या तोंडानं उभा ऱ्हायलो असतो? नवरीचा खडक इसरलीस?"

"बडोद्याला समुद्र नाही, तांडेलबाबा."

ते खाली वाकून फटीत कापूस भरायला लागले. मला वाटत होतं, इतकी वर्षं मी त्या मचव्यावरचा खलाशी आहे. त्यांच्या हिशेबी मी माल होते, जपून पोचवायचा. ज्यांनी समुद्राची ओढ लावली, त्यांनीच दोर बांधला. आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

पुढे बरेच दिवस फाटकातून हाक येत राहिली. "भरती लागली गो!" मी आतल्या खोलीत बसून ऐकायची. उठले नाही. आई एकदा म्हणाली, "म्हातारा माणूस आहे, ओ तरी दे." मी दिली नाही. त्या पावसाळ्यानंतर त्यांचा जावई येऊन त्यांना खाडीमुखाजवळच्या गावी घेऊन गेला. निघताना ते आमच्या ओट्यावर बसले होते, असं आई म्हणाली. मी खोलीतून बाहेर आले नव्हते. तिकडेच ते वारले. मचव्याच्या फटी आता कुणी भरत नाही. गेल्या पुरानं त्याच्या अर्ध्या फळ्या नेल्या.

लग्नाची बोलणी मोडली, ती मीच मोडली. मी आता बिरवाडीला एका शाळेत शिकवते. कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं असतात, बरीचशी घाटावरची. पावसात वीज गेली की ती गोष्ट मागतात, आणि माझ्याकडे गोष्टी फक्त तांडेलबाबांच्याच आहेत. ओंडक्यांची सांगितली की वर्ग टाळ्या वाजवतो. खडकाची सांगितली की सगळे एकच विचारतात, "बाई, मग तांडेलाचं काय झालं?"

त्याचं काय झालं ते मी सांगत नाही. मी पदरचं एवढंच सांगते की नवरीला पोहता येत होतं.