आम्लात राहिलेली साखळी

शिपाईमामांनी तांब्यातलं गोमूत्र माझ्या काचेच्या भांड्यांवर शिंपडलं. माझ्यासमोर. मग टेबलावर, मग मी बसायचे त्या स्टुलावर. शेजारच्या पोरींच्या टेबलांवर एक थेंब नाही. हेच मामा रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खायचे. त्या दिवशी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

खंडेनवमी होती. सांगलीत त्या दिवशी रिक्षापासून उसाच्या चरकापर्यंत सगळ्याला झेंडू लागतो, तसा आमच्या कॉलेजातल्या लॅबलाही लागायचा. एकदा पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही.

मी पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, बनवत होते. बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढवायची. प्रत्येक वेळी मणी आधी अर्धा तास जळजळीत आम्लात ठेवायचे आणि लगेच धुवायचे. जास्त राहिले तर साखळी मण्यावरनं सुटते. अख्खा पावसाळा त्यात घातला होता, आता शेवट आला होता. माझी पीएचडी त्या साखळीवर होती. आदल्या दिवशी सर, माझे पीएचडीचे गाइड, म्हणालेले, पूजा दुपारी. म्हणून मी सकाळीच आम्ल घातलं.

भटजींना पुढं जायचं होतं म्हणून सर लवकरच आले. मागं ताट घेऊन त्यांच्या बाईसाहेब.

"तू जरा बाहेर थांब."

"सर, आत्ताच आम्ल घातलंय. धुते आणि जाते."

"आज यंत्राला हात लावत नाहीत. तुमच्यात नसेल हे."

तुमच्यात. डोकं सणकलं. आणि तरी मी बाहेर गेले. लहानपणापासून 'सरक' म्हटलं की सरकायची सवय. बाकीच्या पोरी आतच होत्या. मी व्हरांड्यातनं काचेतून बघत राहिले. भांड्याच्या तोंडाशी आम्लाचा पांढरा धूर, शेजारी उदबत्तीचा. अर्धा तास कधीच होऊन गेला होता. मग सगळे बाहेर आले, कुलूप लागलं आणि किल्ली सरांच्या खिशात गेली. मी परत विनवलं. ते स्कूटर चालू करून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी. तिसऱ्या दिवशी लॅब उघडली तेव्हा साखळी मण्यांवरनं सुटून गेली होती. उरलं ते कामाचं नव्हतं. मी तिथंच रडले, लाज न बाळगता रडले.

त्याच आठवड्यात पुण्याहून फॅक्स आला. कामाला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं काम बघायला येणार होती.

"धुवायला विसरले म्हणून सांग," सर म्हणाले. "लहान आहेस, चालून जातं."

माझे वडील, आबा, हळदीच्या पेठेत हमाल. घरी त्यांना सांगितलं. हातावरची हळद न धुताच बसले.

"गप ऱ्हा बाय. तुजी डिग्री त्येंच्या सहीवर हाय."

"आबा, मी विसरले न्हाई."

"म्हाईत हाय मला. तरीबी गप ऱ्हा."

माझे आबा कुणाला घाबरलेले मी पहिल्यांदा बघितले. त्याचाच मला जास्त राग आला.

पुण्याच्या माणसांनी विचारलं तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, "मी विसरले नाही. मला आत येऊ दिलं नाही. माझ्या वस्तूंवर गोमूत्र शिंपडलं आणि कुलूप लावलं." एकानं चहाचा कप उचलला. सर हसले. "भावनेच्या भरात बोलतीय."

संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. आवाज अगदी हळू. "अजून सही माझीच लागणार आहे."

तेव्हापासून माझी रसायनं येत नाहीत. धूर ओढणारा पंखा फक्त माझ्याच टेबलाचा बिघडतो. मामा डबा घेऊन दुसरीकडं बसतात. जिन्यात पावलं वाजली की दाराकडं बघते. उद्या काय करतील, काही सांगता येत नाही.

पण मी पहिल्या अमिनो आम्लापासून परत सुरू केलंय. दुसऱ्यांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं मागून आणते, पण थांबत नाही. पुढच्या खंडेनवमीलाही सकाळीच आम्ल घालणार. त्याच स्टुलावर बसणार आणि दाराला आतून कडी लावणार.

पूजा करायची तर व्हरांड्यात करा.