साडूंचे सुवर्णग्रंथालय

सोन्याचांदीला हात न लावता अख्खे सोनारकाम जाणणारा माणूस भूतलावर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्प्रिंगा तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर कासार आंबोलीला छोटे घर बांधले आणि एके दिवशी ताईची, म्हणजे माझ्या मेहुणीची, नथ दुरुस्तीला घेऊन ते सोनाराकडे गेले. मोत्याची तार कशी ओवतात असे त्यांनी विचारले. सोनार म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं साहेब." तेवढे एक वाक्य पुरले. दुसऱ्या आठवड्यात दागिने घडवण्यावरचे पहिले पुस्तक घरात आले आणि मागोमाग त्याचे सगळे गणगोत आले.

तार ओढण्यावर एक, जाळीकामावर तीन, मीनाकारीवर पाच. एक जाडजूड पुस्तक जपानी होते. जपानी येते का विचारल्यावर, "चित्रांना कुठे भाषा असते?" असे म्हणून त्यांनी मला गप्प केले. पुस्तकांची मांडणी लेखकावरून नव्हे तर धातूवरून. सोने दिवाणखान्यात, चांदी झोपायच्या खोलीत, तांबे-पितळ स्वयंपाकघरात. त्यामुळे ताईचे तांदळाचे पिंप व्हरांड्यात गेले आणि तिला भात लावायचा तर चपला घालाव्या लागत. मुळशीच्या पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, लोणच्याला बुरशी येते. साडूंनी पुस्तकांच्या कपाटांत विजेचे दिवे बसवले आणि ओले टॉवेल मात्र चार-चार दिवस दोरीवर कुबट वास मारत राहिले. पुस्तक कुणाला बघायचे असल्यास आधी हात धुवून, पुसून, साडूंना उलटेसुलटे दाखवावे लागत. मी एकदा चिवडा खाल्लेल्या हाताने पाचूच्या पैलूंवरच्या पुस्तकाला हात लावला, तर दोन महिने मला फक्त पाठीवरचा मजकूर वाचायची परवानगी होती.

लग्नकार्याला त्यांना नेणे म्हणजे जोखीमच. बावधनच्या एका कार्यालयात ते खिशातले भिंग काढून वराच्या आईच्या गळ्याशी इतके वाकले, की ती बाई किंचाळली. धावून आलेल्या मंडळींना साडू शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, तिसऱ्या मण्याचा सांधा कच्चा आहे." आम्ही त्या दिवशी पंगतीला थांबलो नाही. एवढे करून, "दादा, तुम्ही स्वतः काही घडवलंत का?" असे विचारले की ते म्हणत, "आधी पाया पक्का होऊ दे." त्या पायाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

त्या पायाला धक्का दिला तो ठकूबाईने. शेळ्या राखणारी ही धनगर बाई रोज दूध घालायला येई. एका सकाळी मी तिथे असताना तिने पदराच्या गाठीतून चांदीची वाकी काढली. दंडात घालायची, जाड, एका जागी मोडलेली.

"सायब, पौडचा सोनार म्हंतोय वितळवून नवी करू. मला नवी न्हाई पायजे. आईच्या दंडावं झिजलीया ही. तुमी यवडी बुकं वाचलीत, जोडून द्या की."

साडूंचा चेहरा पांढरा पडला. "अगो, हे... याचा अभ्यास करावा लागेल."

"मंग इतकी वर्सं काय करत हुता?"

स्वयंपाकघरात ताईच्या हातून झाकण पडले. मुद्दामच पडले असावे.

मग रोज सकाळी दुधाबरोबर "झाली का वो?" येऊ लागले. साडू मागच्या दाराने फिरायला जाऊ लागले. आठव्या दिवशी ताईने मागच्या दाराला कुलूप लावले. तेव्हा कुठे गॅसची फुंकणी, टाकणखार आणि सांधायची चांदी, म्हणजे डाख, घरात आली आणि मला फोन आला. दोन्ही हात अडकल्यावर पान कोण उलटणार? मी इंग्रजीतून मराठी करून वाचायचे आणि त्यांनी करायचे, असे ठरले. सरावासाठी ताईचा चांदीचा चमचा घेतला.

मी वाचले, "दागिना सारखा तापवावा."

"सारखा म्हणजे एकसारखा, की सतत?"

"बघतो."

"मूळ इंग्रजीत बघ, लवकर!"

मी बघेपर्यंत चमच्याचा थेंब झाला होता.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी तांब्याच्या तारा जाळल्या, बोटे भाजली, एक पडदाही गेला. वाकी हातात घेताना म्हणाले, "ही वितळली तर त्या बाईला तोंड कसं दाखवू रे?" मी हसलो नाही. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटून ठेवले आणि नुसते चांदीच्या रंगाकडे बघत राहिले. डाख पाण्यासारखा पळाला. सांधा जुळला. वर मुगाएवढी गाठ राहिली, ती काही निघेना.

ठकूबाईने वाकी उन्हात फिरवून पाहिली, दंडात चढवली. "टोचतिया जरा," ती म्हणाली. "पण हाय ती आईचीच हाय." आणि किटली उचलून चालू लागली. साडू आत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

त्यानंतर आसपासच्या वाड्यांतल्या बाया तुटकी पैंजणे, मोडलेली जोडवी घेऊन येऊ लागल्या. साडूंनी नवा दागिना एकही घडवला नाही. फक्त मोडलेले जोडले. कपाटांतले दिवे कधी बंद झाले ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्यांच्या हातांना कंप सुटला आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचे आहे. परवा गेलो तेव्हा व्हरांड्यात ताई ज्योत धरून बसली होती आणि शेजारी साडू, हात मांडीखाली दाबून. "डावीकडे... अजून... आता काढ." ताई म्हणाली, "ओरडू नका हो." पैंजण पाण्यात पडून चर्र झाले. साडूंनी ते उचलले, सांध्यावरून अंगठा फिरवला. गाठ लागली नाही.

"माझ्यापेक्षा चांगलं जमलंय तुला," ते म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात असे वाक्य त्यांनी ताईला ऐकवल्याचे मला आठवत नाही. तिलाही आठवत नसावे. तिने गॅस बंद केला आणि आत चहा टाकायचा सोडून तिथेच, त्यांच्याजवळ, बसून राहिली.