जेवणानंतरच्या गोळ्या

दाढी करताना ह्यांच्या हातून रेझर गळून पडला आणि ओठ एका बाजूला ओघळला. डोंबिवलीहून रिक्षा करून कल्याणच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तोंड सरळही झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं की झटका सौम्य होता, दुसरा तसा असेलच असं नाही. रक्त पातळ ठेवायची आणि प्रेशरची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. घरी आल्यावर ह्यांच्या लक्षात एवढंच राहिलं की देवीने वाचवलं. त्यांनी लगेच दुर्गाडीच्या देवीला नवरात्राचे उपास बोलून टाकले, फक्त दूध आणि फळं.

माझ्या कपाळाला आठी पडली. पण देवाच्या कामात मोडता घालणारी असं सासरी माझं नाव आधीच झालेलं, म्हणून गप्प बसले. हे आयुष्यभर सरकारी कचेरीत नियमावर बोट ठेवून जगलेले. गोळ्यांचा डबा स्वतः सांभाळायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत.

सातव्या माळेला ओटा आवरताना डबा उघडला, तर सगळे कप्पे भरलेले. माझा पारा चढला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलंय. मी जेवतोय कुठे? डॉक्टरांच्या शब्दाबाहेर गेलेलो नाही मी." आणि आंघोळीला गेले.

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. कपभर दुधाबरोबर आत्ताच द्या, म्हणाले. दूध गॅसवरच होतं, उपासाला चालणारं. कप भरत होते तेवढ्यात बाथरूममध्ये बादली कलंडल्याचा आवाज आला. दाराला आतून कडी होती. शेजाऱ्यांनी ती तोडली.

त्याला आता वर्ष झालं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. नणंद म्हणाली, उपास अर्धवट मोडला, त्याचंच हे. तिला चहाही न विचारता मी वाटेला लावलं. तिच्यापेक्षा राग मला ह्यांचाच जास्त येतो, पण अंथरुणातल्या माणसावर तो काढायचा तरी कसा?

काल घट बसले. सकाळी गोळी कुस्करून दुधात कालवली आणि चमचा ह्यांच्या तोंडाशी नेला. ओठ घट्ट मिटलेले.

"अहो, उघडा ना."

त्यांनी देव्हाऱ्याकडे डोळे वळवले आणि नाही म्हणून मान हलवली. मी गाल दाबून चमचा आत सारला. दूध हनुवटीवरून उशीवर गेलं.

आजही तेच झालं.