ताईने मला न सांगायला लावलेला पासवर्ड

सकाळी पावणेसातला डोंबिवलीहून ताईच्या शेजारणीचा, मीनाबाईंचा फोन आला. "ताई झोपेतच गेल्या हो..." सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, पासवर्ड आता फक्त मलाच ठाऊक आहे.

ताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, सरकारी नोकरीतून निवृत्त झाली आणि साठीनंतर कॉम्प्युटर शिकली. ठेवी, पेन्शन, विमा, बँकांचे नंबर, सगळं कॉम्प्युटरवर पासवर्ड लावलेल्या एका फाइलमध्ये व्यवस्थित मांडलेलं. मग हळूहळू तिला विसरायला होऊ लागलं. अशातच बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा तरी फोन आला आणि तिने त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवलं. एक मोठी ठेव गेली. मी ठाण्याहून, खोपटच्या घरून धावत पोचले, तेव्हा ती रडत नव्हती. मला खुर्चीवर बसवून म्हणाली, "सुमे, पासवर्ड बदल. मला सांगू नकोस. उद्या मी हातापाया पडले तरी सांगायचा नाही. शपथ घे."

घेतली. दर शनिवारी जाऊन मी फाइल उघडायचे, ती नोंदी सांगायची. पण पुढे शपथ ती विसरली, मी कशी विसरणार? रोज फोन. "अगं, माझेच पैसे ना? मग लपवतेस काय?" एकदा तर मीनाबाईंसमोर म्हणाली, "हिने माझं सगळं गिळलंय." मी तशीच जिना उतरले. तिचं रक्षण करतेय की तिच्या हातातलं शेवटचं काहीतरी हिसकावून घेतेय... मला कळेना. तरी पुढच्या शनिवारी गेले. दार उघडून ती हसली, "आलीस? चहा टाकते."

दहाव्याला आमच्या मधल्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा म्हणाला, "मावशी, फाइल उघडतेस? कुठे काय आहे ते तरी कळेल." मी बसले आणि बोटं थांबली. काहीच आठवेना. एकदा चुकलं. पुन्हा चुकलं. अजून तीनदा चुकलं तर फाइल बंद, असं स्क्रीनवर आलं. सगळे मागे उभे. ताईचंही असंच सुरू झालं होतं का?

"मावशी, पाणी पी आधी." प्यायले. डोळे मिटून टाइप केलं. उघडली.

आता बँकांची कामं उरकलीत. कॉम्प्युटर भाच्याने नेला, त्या पासवर्डची कुणालाच गरज नाही. तरी रोज सकाळी चहाआधी मी तो मनात एकदा म्हणून बघते. सगळी अक्षरं ओळीने आली की मगच गॅस पेटवते.

परवा मधलं एक अक्षर यायला जरा वेळ लागला...