काकींचं चुकीचं उत्तर

“उदयाच्या उलट. दोन अक्षरं,” मी म्हटलं. तात्यांनी ओठ हलवले, डोळे मिटले आणि मान फिरवली. दोन मिनिटं थांबून मी वहीत फुली मारली.

मी नवीन पनवेलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. तात्या विचुंब्याचे. पूर्वी उरणकडे घरची मिठागरं होती. स्ट्रोकनंतर त्यांना अफेजिया झाला. म्हणजे डोक्यात अर्थ असतो, पण शब्द तोंडात येत नाही. रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणारा माणूस, म्हणून मीही शब्दकोडंच घेतलं. विरुद्धार्थी शब्द त्यातल्या त्यात सोपे, ते जोडीनेच लक्षात राहतात. अवघड ते सारख्या उच्चाराचे: ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. सहा आठवडे झाले, दोन्हींत भोपळा.

त्यांचा मुलगा म्हणाला, “मॅडम, स्पष्ट सांगा. इथून घरी गेले की रडतात. थेरपी बंद करू या का?”

“एक आठवडा द्या,” मी म्हटलं. हातात काहीच नव्हतं आणि मला स्वतःचाच राग येत होता.

तात्यांची बायको, काकी, दर वेळी बाहेरच्या बाकावर बसायच्या. माझा नियमच तो. नातेवाईक आत असले की पेशंटच्या आधी तेच उत्तर देऊन मोकळे होतात. त्या दिवशी मी बाहेर जाऊन विचारलं, “काकी, घरी कोडं कसं सोडवायचे हे?”

“हे मोठ्यानं वाचायचे, मी तांदूल निवडता निवडता उत्तर द्यायची. ते चुकायचंच. मग हे चिडायचे, बरोबर सांगायचे नि लिवायचे. रोजचाच तमाशा.”

नियम गेला खड्ड्यात. मी काकींना आत घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा वाचला, “उदयाच्या उलट.”

“सकाल,” काकी बिनधास्त म्हणाल्या.

तात्यांचा चेहरा लाल झाला. “ना... नाय! अ... अस्त!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकींनी मात्र पदर सावरला आणि म्हणाल्या, “वाचा की पुढचं.”

मागितलेला शब्द शोधावा लागतो. चिडून चूक सुधारताना तो सवयीने येतो, निदान तात्यांचा आला. चार महिन्यांत ते छोटी वाक्यं बोलू लागले. ‘दिन’ही आला, ‘दिवस, दोन अक्षरं’ याला काकींनी ‘सोमवार’ म्हटल्यावर.

शेवटच्या दिवशी तात्या चपला घालत होते तेव्हा मी काकींना हळूच विचारलं, “इतक्या वर्षांत तुमचं एकही उत्तर बरोबर कसं आलं नाही हो?”

काकी हसल्या. “तीस वर्सं ऐकतेय बाय, बरीचशी येतात मला. पन मी बरोबर सांगितलं तर हे लिवतील नि गप बसतील. मग माज्याशी बोलनार कधी?”

आता माझ्या खोलीत पेशंटशेजारी दुसरी खुर्ची कायम असते. कुणाला बाहेर बसवण्याआधी मी विचारते, तुम्ही घरी एकमेकांशी बोलता कसे. हे कॉलेजात शिकवलं नव्हतं. पण सहा आठवडे काकी बाहेर बाकावरच होत्या, आणि मी विचारलं नव्हतं.